उपकारांची वही

प्रिय ताई,

आज 23 दिवस झाले. माझ्या नवऱ्याच्या पायांना आधी मुंग्या आल्या, दोन दिवसांत त्याला जिना चढवेना, आणि पाचव्या दिवशी श्वास पुरेना म्हणून व्हेंटिलेटर लावावा लागला. डॉक्टरांनी जीबीएस, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, सांगितलं. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचं औषध दिलं. आता गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आहे. हातपाय हलत नाहीत, बोलता येत नाही, पण तो पूर्ण शुद्धीत आहे. डोळे एकदा मिटले की 'हो', दोनदा मिटले की 'नाही'. आमचा संसार सध्या एवढ्यावर चालला आहे.

माझ्या मैत्रिणी आणि त्याचे मित्र नसते तर मी केव्हाच कोसळले असते. कुणी मुलांना शाळेत सोडतं, कुणी रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहतं, चौघांनी मिळून पैसे भरले. मी एका वहीत सगळं लिहून ठेवते. कुणी काय केलं, किती वेळ दिला, किती रक्कम. फेडायचं आहे ना. पण वही भरत चालली तसा छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटू लागलं आहे. हल्ली कुणी "काही लागलं तर सांग" म्हटलं की मी "काही नको" म्हणून मोकळी होते.

दुसरं असं, की मी देव मानते, तो मानत नाही. सोळा वर्षांत यावरून आम्ही कधी भांडलो नाही. माझ्या प्रार्थनामंडळातल्या बायका एकेक करून आत येतात आणि त्याच्या उशाशी प्रार्थना म्हणतात. मला धीर येतो. त्याला काय वाटत असेल, कोण जाणे. मला स्वतःला मात्र प्रार्थना जमेनाशी झाली आहे. पहिल्या रात्री मी देवाला म्हटलं होतं, याचा श्वास परत दे, मग तू म्हणशील ते करीन. श्वास अजून यंत्रावरच आहे. आता डोळे मिटले की संताप येतो. सासूबाई म्हणतात, घरात एकाचा विश्वास नसला की असंच व्हायचं. त्याच्या खाटेपाशी उभं राहूनही म्हणतात.

आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण एकदाच आली, रडत बाहेर पडली, त्यानंतर साधा फोनही नाही. तिचा भाऊ काही वर्षांपूर्वी आयसीयूतच गेला होता.

एवढ्या लोकांचं फेडू कसं? आणि ज्याच्यावर रागावले आहे त्याच्याकडे मागू तरी कसं?

– एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या दोन्ही प्रश्नांकडे मी येते, पण आधी तू ओझरतं लिहून पुढे गेलेल्या एका वाक्यापाशी थांबायला हवं. "त्याला काय वाटत असेल, कोण जाणे." अगं, तो जाणतो. आणि सांगूही शकतो. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. उशाशी म्हटली जाणारी प्रार्थना त्याला हवी आहे का, हा प्रश्न तू स्वतःला विचारलास, मला विचारलास, त्याला तेवढा विचारायचा राहिला.

यात तुझा दोष मी काढत नाही. माणूस आडवा झाला की भोवतालचे सगळे त्याच्याविषयी बोलू लागतात आणि त्याच्याशी बोलायचं हळूहळू सुटत जातं. माझा भाऊ आजारी होता तेव्हा मी हेच केलं. त्याच्या पायथ्याशी उभी राहून त्याच्याच तब्येतीची चर्चा करत होते आणि तो डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत होता.

जीबीएसमध्ये हे फार लक्षात ठेवायला हवं. बहुतेक वेळा पोटाचा किंवा श्वसनाचा एखादा संसर्ग होऊन जातो, आणि त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. हल्ला होतो तो मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांवर. हातापायांना हुकूम पोचत नाही, छातीच्या स्नायूंना पोचत नाही. विचार, आठवणी, ऐकणं मात्र शाबूत असतं. तुझा नवरा खाटेपाशी उच्चारलेला प्रत्येक शब्द ऐकतो आहे असं धरूनच तिथे वागायचं.

तर त्याला विचार. तुम्ही दोघंच असाल अशी वेळ बघ, तो थकलेला नसेल तेव्हा. एका वेळी एकच प्रश्न. "त्या बायकांनी इथे प्रार्थना म्हटलेली तुला चालते का?" असं विचारून थांब, घाई करू नकोस. "चालते की त्रास होतो?" असं विचारलंस तर त्याने डोळे एकदा मिटायचे की दोनदा? मग पुढचा प्रश्न: "मी एकटीने म्हटली तर?" मग: "मनातल्या मनात?" तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. त्याला मंडळ नको असेल पण तुझा आवाज हवा असेल, किंवा शब्द काहीही असोत, कुणी तरी शेजारी बसलेलं हवं असेल. आठवड्याने पुन्हा विचार, कारण अशा दिवसांत मत बदलतं आणि तो अधिकार त्याला आहे. 'नाही' आलं तर मंडळाने बाहेर बसून प्रार्थना करावी. देव मानणाऱ्याला दाराच्या अलीकडे-पलीकडे काय फरक पडतो?

आणि हो-नाहीच्या पुढेही जाता येईल. आपली वर्णमाला यासाठी जणू तयारच आहे, कारण ती मुळातच ओळींत लावलेली आहे. मोठ्या कागदावर ती लिहून काढ. आधी ओळींची पहिली अक्षरं म्हणायची: अ, क, च, ट, त, प, य. तो जिथे डोळे मिटेल तिथे थांबायचं आणि त्या ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. काना-मात्रा सोडून द्यायच्या. प आणि ठ मिळाले की पाठ दुखते आहे हे आपसूक कळतं. पहिल्या दिवशी वैताग येईल, चौथ्या दिवशी हात बसेल. त्याच्या मित्रांपैकी एकाला हे शिकव. रात्रभर बाहेर बाकावर बसण्यापेक्षा भेटीच्या वेळात अर्धा तास हा तक्ता घेऊन आत बसलेला मित्र त्याला जास्त उपयोगी पडेल. या आजारात वेदना पुष्कळ असतात, नुसता स्पर्शही कधी कधी झोंबतो, आणि आयसीयूत भास होणंही नवीन नाही. हे सगळं त्याला कुणाला तरी सांगायचं असेल. हात हातात घेण्याआधीसुद्धा विचार. त्याने 'हो' म्हटलं तर मग सोडू नकोस. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 16 विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसणार अशी धास्ती दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्र घेतलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली ती धास्ती कमी दिसली. परक्या माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण इतका नाही.

आता सासूबाई.

त्यांचं ते वाक्य त्याच्या कानावर पडता कामा नये. हे मी ठाम सांगते. 2001 साली रुग्णालयातल्या 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलं, देव आपल्याला शिक्षा करतो आहे, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. त्या विचारानेच मृत्यू आला असं यातून सिद्ध होत नाही, पण आजारी माणसाच्या उशाशी शिक्षेची भाषा का नको, हे कळायला एवढं पुरेसं आहे. तुझा नवरा देव मानत नसला तरी आईचा शब्द मानत असेल. हलता येत नाही, उत्तर देता येत नाही, आणि आई म्हणते आहे की हे तुझ्यामुळे झालं. विचार कर.

त्यांना बाजूला घेऊन बोल, पण आवाज चढवू नकोस. त्या आई आहेत. ज्या मुलाला त्यांनी चालायला शिकवलं तो आज बोटही हलवू शकत नाही. कारण सापडलं की भीती जरा आवाक्यात येते, मग ते कारण किती का चुकीचं असेना. खरं कारण डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवण्याची सोय कर. हा आजार श्रद्धा बघून येत नाही. 1916 साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी ज्या दोन रुग्णांवरून याचं वर्णन लिहिलं ते सैनिक होते, आणि ते दोघेही बरे झाले. हे शेवटचं त्यांना मुद्दाम सांग. आणि त्यांना एक नेमकं काम दे. त्याला आवडत असेल तर रोज ठरावीक वेळी त्यांनी त्याच्या लहानपणाची एक आठवण त्याला सांगायची. आईकडे असल्या आठवणींचा साठा असतो, आणि त्या सांगताना दोष द्यायला जागा उरत नाही.

तुझ्यासाठीही एक गोष्ट सांगायची आहे, कारण सासूबाईंचं वाक्य तुझ्याही मनात कुठे तरी जाऊन बसलं असणार. आपली प्रार्थना कमी पडली, असं तुला रात्री वाटत असणार. 2006 सालीच अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बायपास झालेले 1802 रुग्ण त्यात होते. एका गटासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, एकासाठी नाही केली, आणि या दोन्ही गटांना फक्त 'कदाचित होईल' एवढंच सांगितलं होतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 52 टक्के, दुसऱ्यात 51. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे' असं सांगितलं होतं. तिथे ते 59 टक्के निघालं. यावर एक तर्क असा केला गेला की त्या रुग्णांना वाटलं असेल, आपली अवस्था इतकी वाईट आहे का, की यांना प्रार्थना करावी लागते? कोण जाणे, तुझ्या नवऱ्यालाही हेच वाटत असेल. विचारायचं कारण आणखी एक.

हा अभ्यास तुझी प्रार्थना सोडवायला मी सांगत नाही. देव मोजमापात सापडेल असं मला वाटत नाही आणि एका अभ्यासाने श्रद्धेचा निकाल लागत नाही. मला फक्त तुझ्या खांद्यावरचं एक चुकीचं ओझं उतरवायचं आहे. त्याच्या नसांवरचं आवरण पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागायचा तो लागेल. तू पहाटे उठलीस की नाही, मन एकाग्र झालं की भरकटलं, यावर ते ठरत नाही. तुझ्या हातून काहीही हुकलेलं नाही.

आता संताप. पहिल्या रात्री तू देवाशी बोली केलीस. तसं कोण करत नाही? मीही केली आहे, तीही लाज वाटावी इतकी कमी किमतीची. बोली पुरी झाली नाही की फसवणूक झाल्यासारखं वाटतं आणि राग येतो. पण तुला देवाशी बोलायचं आहे ते फक्त गोड शब्दांतच, असा नियम कुणी केला? आपल्या संतांनी देवाला काय काय सुनावलं आहे ते आठव. शिव्यासुद्धा दिल्या आहेत, आणि आपण त्यालाच भक्ती म्हणत आलो. तुझा राग तसाच्या तसा बोलून टाक. आणि तेही नको वाटत असेल तर काही दिवस काहीच बोलू नकोस.

यासाठीच तर मंडळ असतं. त्यातल्या एखाद्या समजूतदार बाईला खरं सांग, "मला सध्या जमत नाही, माझ्या वाटची तुम्ही म्हणा." मला वाटतं एकत्र येऊन प्रार्थना करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच असावा. एकीचा आवाज बसला तरी प्रार्थना थांबत नाही. ती बाई तुला उपदेश करू लागली, श्रद्धा वाढव म्हणाली, तर तिचे आभार मान आणि दुसरीला सांग.

वहीविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण तुझा जीव खरा तिथे घुसमटतो आहे असं मला वाटतं.

बुद्धाच्या काळातली एक गोष्ट सांगतात. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद तिथून चालले होते. बुद्धाने विचारलं, तुझी शुश्रूषा कुणी का करत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून. मग बुद्धाने पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. नंतर भिक्खूंना बोलावून बुद्ध म्हणाले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. मला या गोष्टीत कायम त्या पडलेल्या भिक्खूचं उत्तर बोचतं. मरणाच्या दारात असतानासुद्धा त्याने हिशेब मान्य केलेला आहे: मी दिलं नाही, म्हणून मला मिळणार नाही. तुझी वही त्याच हिशेबाची आहे. फक्त तू मिळाल्यावर घाबरली आहेस.

नीट बघ, त्या वहीतल्या कितीतरी नोंदी तुझ्या नावावर मुळी येतच नाहीत. बाकावर बसणारा त्याचा मित्र तुझ्यावर उपकार करत नाही. त्याचा मित्र आत पडला आहे आणि त्याला घरी झोप लागत नाही. त्यांच्यात किती वर्षांची देवघेव असेल, कोणी कोणाला कधी सावरलं असेल, ते तुला ठाऊकही नसेल. ते त्यांचं त्यांच्यात आहे. तू मध्ये पडून ते फेडायला निघू नकोस.

पैशाची पानं तेवढी ठेव. पैशाचं संदिग्ध ठेवलं की मैत्री नासते, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. चौघांना एकेकट्याने स्पष्ट विचार: हे उसने आहेत की दिलेले? उसने असतील तर लिहून ठेव आणि सांग, तो पायावर उभा राहिल्यावर हप्ते ठरवू. दिलेले असतील तर "बरं" म्हण आणि ती ओळ खोड. बाकीची पानं इथेच थांबव. माझ्या भावाच्या आजारपणात सहा महिने आमच्या घरी येऊन मुलांच्या गणवेशांना इस्त्री करून जाणारी एक मैत्रीण होती. तिचं मी कधीच फेडलं नाही, तशी वेळच आली नाही. पुढे ज्यांच्यासाठी मी धावले ती माणसं वेगळीच होती.

मग वही उलटी कर आणि मागच्या बाजूने लिहायला लाग. या बाजूला केलेली कामं नाहीत, करायची आहेत. "काही लागलं तर सांग" हे लोक मनापासून म्हणतात, पण त्यात काय लागतं ते शोधण्याचं, कुणाला झेपेल ते ठरवण्याचं आणि तोंड उघडून मागण्याचं काम तुझ्याच गळ्यात पडतं, आणि तू आधीच दमली आहेस. म्हणून "काही नको" हे उत्तर सोपं वाटतं. यादी समोर असली की वाचून दाखवता येतं. काम छोटं असावं, त्याला सुरुवात आणि शेवट असावा. मंगळवारी धाकट्याला शाळेतून आणणं. विम्याच्या कागदांच्या प्रती काढून क्लेमची फाइल लावणं. नातेवाइकांच्या फोनना उत्तर देणं. हे शेवटचं काम एकाच माणसाला दे. रोज संध्याकाळी एक निरोप सगळ्यांना जाईल, बाकी फोन तू उचलायचे नाहीत. आणि जमलं तर वहीच एखाद्या नेटक्या मैत्रिणीच्या हाती दे. ती वाटणी करील.

डॉक्टर भेटतात तेव्हा एकटी जाऊ नकोस. वैद्यकीय माहितीतला 40 ते 80 टक्के भाग माणूस ऐकल्या ऐकल्या विसरतो, असं अभ्यास सांगतात, आणि तू तर 23 दिवसांची जागी आहेस. लिहून घेणारं कुणी तरी शेजारी हवं. नेहमी तेच माणूस असलं तर उत्तम. झोपेचंही तसंच. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची सावधगिरी थोडी दारू प्यायल्यासारखी ढिली पडते, हे मोजलेलं आहे. आत परिचारिका जाग्या असतात. रात्री बाहेर घरचं कुणी असायलाच हवं का, हे रुग्णालयाला विचार. हवंच असेल तर पाळ्या लाव, आणि आठवड्यातल्या चार रात्री तरी तू तुझ्या अंथरुणात झोप. कुणाला खोकला-सर्दी असेल तर त्याने आत जायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. हे सांगायचं कामही वही सांभाळणारीला दे, तुझ्यावर वाईटपणा नको.

तुझ्या मैत्रिणीचं वाचून मला गलबलून आलं. तुला ती सोडून गेली असं वाटतं आहे. मला ती त्या दारात अडकलेली दिसते. तिचा भाऊ त्या दारातून परत आला नाही. यंत्रांचा तो आवाज, तो वास, तिच्या अंगावर आला असेल. घरी गेल्यावर लाज वाटली असेल, आणि जितके दिवस लोटले तितकी ती वाढली असेल. असे न केलेले फोन पुढे करायला फार जड जातात. दार तूच थोडं किलकिलं कर. विचारपूस नको, जाब तर नकोच. एवढंच लिही: "रुग्णालयात येऊ नकोस, तुला ते जमणार नाही हे मला कळतं. थोरलीचा अभ्यास रोज रात्री फोनवर घेशील का?" लांबून करता येईल असं काम दे. तिने घेतलं तर घेतलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सध्या तिचा विषय बंद ठेव. तुझ्याकडे आता समजूत घालायला अंगात त्राण नाही, आणि मैत्री खरी असेल तर पुढेही बोलता येईल. राग आला तर येऊ दे. तिची भीती खरी आहे आणि तुझं दुखावलं जाणंही खरं आहे.

थोरलीवरून आठवलं. मुलांना खरं सांगते आहेस ना? "बाबांना हलता येत नाही, पण ते आपलं सगळं ऐकतात, डॉक्टर त्यांना श्वास घ्यायला मदत करत आहेत, बरं व्हायला खूप दिवस लागतील." एवढं त्यांना पेलतं. दाराआडची कुजबुज पेलत नाही. त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून त्याला ऐकव.

शेवटी दिवसांचा हिशेब. हा एक हिशेब करायलाच हवा. या आजारात बहुतेकांची घसरण चार आठवड्यांच्या आत थांबते, मग काही काळ काहीच हलत नाही असं वाटतं, आणि त्यानंतर सुधारणा सुरू होते. ती महिन्यांनी मोजायची. सहा महिन्यांनंतर दहातले साधारण आठ जण आधाराशिवाय चालू लागलेले असतात. ज्यांना व्हेंटिलेटर लागला त्यांना वेळ जास्त लागू शकतो, आणि चालू लागल्यावरही थकवा रेंगाळतो. तुझ्या नवऱ्याचं नेमकं काय, ते त्याचे डॉक्टर सांगतील. पण मित्रमैत्रिणींची गर्दी असते ती पहिले तीन-चार आठवडे. मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. नेमका तेव्हा तो घरी आलेला असेल, रोज व्यायाम करून घ्यावा लागेल, तो चिडेल, रडेल, आणि तुझ्या दाराशी कुणी नसेल.

म्हणून जे आज "काही लागलं तर सांग" म्हणतात, त्यातल्या दोघा-तिघांना आत्ताच म्हण, "आज नको, पण तिसऱ्या महिन्यात लागेल. तेव्हा दर शनिवारी दोन तास येशील?" आणि ते 'हो' म्हणाले की वहीच्या मागच्या बाजूला एक नवं पान काढून, वर महिना घालून, त्यांची नावं लिहून ठेव.

तुझी,
ताई